आचारसंहिता नेमकी कोणासाठी?

खासगी कंपनीत रुजू होणाऱ्या कर्मचाऱ्याकडून पहिल्या काही दिवसांत ज्या कागदांवर सह्या घेतल्या जातात, त्यांत भविष्यनिर्वाह निधी आणि आरोग्यविम्याच्या अर्जांबरोबर कंपनीची आचारसंहिताही असते. कंपनीच्या नावाने काम करणाऱ्या माणसांनी कसे वागावे आणि कोणते वर्तन मुळीच खपवून घेतले जाणार नाही, हे सांगणारा लेखी दस्तऐवज म्हणजे आचारसंहिता. लाच देऊ-घेऊ नये, पुरवठादाराकडून ठरावीक मर्यादेपलीकडची भेट स्वीकारू नये, नातेवाइकाच्या फर्मला काम देताना ते नाते लपवू नये, कंपनीची गोपनीय माहिती बाहेर जाऊ देऊ नये, सहकाऱ्याचा छळ करू नये आणि यांतले काही घडताना दिसले तर ते कळवावे, अशा स्वरूपाची कलमे तिच्यात असतात. अशा संहिता कशा लिहाव्यात आणि कायद्याच्या कसोटीवर त्या कशा उतरतात, याविषयी वकील, सनदी लेखापाल आणि व्यवस्थापनतज्ज्ञ पुष्कळ लिहितात. पण ज्याच्या वागण्यासाठी ती लिहिली जाते त्या कर्मचाऱ्याला ती कशी दिसते, याची विचारपूस क्वचितच होते. वास्तविक संहितेचे यशापयश तिथेच ठरते, कारण लेखापरीक्षक वर्षातून काही दिवस येतो, तर पुरवठादाराने पुढे केलेले पाकीट घ्यावे की नाही, खोट्या बिलावर सही करावी की नाही, हे ठरवण्याची वेळ कर्मचाऱ्यावर कोणत्याही दिवशी, बहुधा कोणी पाहत नसताना, येते.

या संहितांचा इतिहास पाहिला, तर त्यांतल्या थोड्याच कंपनीच्या आतल्या प्रेरणेतून आल्या आणि बहुतेक बाहेरच्या दबावामुळे आल्या, असे दिसते. पहिल्या प्रकारातले प्रसिद्ध उदाहरण जॉन्सन अँड जॉन्सन या अमेरिकी कंपनीचे आहे. रॉबर्ट वुड जॉन्सन यांनी १९४३ मध्ये ‘क्रेडो’ या नावाने एका पानाचा मजकूर लिहिला आणि त्यात कंपनीच्या जबाबदाऱ्यांचा क्रम लावताना औषधे व वस्तू वापरणारे लोक पहिले, कर्मचारी दुसरे, मग समाज आणि भागधारक शेवटी, अशी मांडणी केली. १९८२ मध्ये शिकागो परिसरात कोणा अज्ञाताने टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कुप्यांत सायनाइड भरल्याने ७ माणसे दगावली, तेव्हा कंपनीने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या, आणि तो निर्णय त्या एका पानावरच्या क्रमाशी जुळणारा होता. याच कंपनीवर पुढे टाल्कम पावडरीवरून हजारो दावे दाखल झाले, हेही नोंदवायला हवे; एकदा सिद्ध झालेली संहिता कायमची सिद्ध होत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या संहितांची संख्या मोठी आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकात संरक्षण खात्याला माल पुरवणाऱ्या कंपन्यांचे गैरव्यवहार उघडकीस आल्यावर त्या कंपन्यांनी १९८६ मध्ये एकत्र येऊन नीतिविषयक बंधने स्वीकारली. १९९१ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयांसाठी शिक्षेची नवी मार्गदर्शक तत्त्वे आली आणि ज्या कंपनीकडे गुन्हे रोखण्याची परिणामकारक व्यवस्था आहे तिच्या दंडात सवलत मिळू लागली. एन्रॉन आणि वर्ल्डकॉमच्या घोटाळ्यांनंतर २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने वरिष्ठ वित्त अधिकाऱ्यांसाठी आचारसंहिता आहे की नाही आणि नसेल तर का नाही, हे जाहीर करायला लावले. भारतात सेबीने २००० मध्ये शेअर बाजाराच्या नोंदणी-करारात ४९ वे कलम आणले आणि नारायण मूर्ती समितीच्या शिफारशींनंतर सुधारलेल्या त्याच कलमाने संचालक मंडळ व वरिष्ठ व्यवस्थापन यांच्यासाठी आचारसंहिता बंधनकारक केली. टाटा समूहाने मात्र ही सक्ती येण्याआधीच, १९९८ मध्ये, समूहातील कंपन्यांसाठी लेखी आचारसंहिता तयार केली होती.

संहिता कोणत्या कारणाने जन्मली, हे कर्मचाऱ्याला सहसा कोणी सांगत नाही, तरी ते त्याला कळते. लिंडा ट्रेव्हिन्यो, गॅरी वीव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ६ मोठ्या कंपन्यांमधील १०,००० हून अधिक कर्मचाऱ्यांची पाहणी करून १९९९ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांचा गाभा हाच आहे. या क्षेत्रात दोन प्रकारचे कार्यक्रम ओळखले जातात: नियम मोडू नयेत आणि मोडल्यास शिक्षा व्हावी यावर भर देणारे पालनकेंद्री, आणि कर्मचाऱ्याने कंपनीची मूल्ये समजून घेऊन स्वतः विचार करावा अशी अपेक्षा ठेवणारे मूल्यकेंद्री. पाहणीत मूल्यकेंद्री कार्यक्रम अधिक परिणामकारक ठरले, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हा सारा खटाटोप वरिष्ठांना दोषारोपापासून वाचवण्यासाठी आहे असे जिथे कर्मचाऱ्यांना वाटत होते, तिथे त्याचे परिणाम वाईट दिसले. म्हणजे संहितेतील मजकूर तोच असला, तरी तिच्यामागचा हेतू कर्मचाऱ्याने कसा वाचला यावर तिचे फलित अवलंबून राहते.

कर्मचारी संहितेकडे कसे पाहतात, याचे सर्वांत बारकाईचे चित्र कॅनडातील अभ्यासक मार्क श्वार्ट्झ यांनी २००१ मध्ये मांडले. त्यांनी ४ मोठ्या कंपन्यांमधील कर्मचारी, व्यवस्थापक आणि नीतिविषयक अधिकारी अशा ५७ जणांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या आणि त्यांच्या बोलण्यातून संहितेची आठ रूपे वेगळी काढली. काहींना ती नियमपुस्तक वाटते, म्हणजे काय चालेल आणि काय नाही हे तिच्यात पाहून समजते. काहींना ती दिशादर्शक फलक वाटते, म्हणजे उत्तर तिच्यात नसले तरी कोणाला विचारायचे हे ती दाखवते. आपण केले ते योग्य होते का, हे तिच्यात पडताळून पाहणाऱ्यांसाठी ती आरसा असते, तर पाऊल टाकण्याआधी थांबून नीट न्याहाळायला लावते म्हणून ती भिंगही असते. सहकारी चुकत असल्याचे लक्षात येताच त्याला वेळीच सावध करायला लावणारी संहिता धूर ओळखणाऱ्या यंत्रासारखी, आणि योग्य अधिकाऱ्याकडे तक्रार करायला लावणारी आगीच्या घंटेसारखी. शिक्षेच्या भीतीने नियम पाळणाऱ्यांच्या दृष्टीने ती सोटा. आणि आठवे रूप ढालीचे: वरिष्ठाने किंवा ग्राहकाने गैर मागणी केली, तर कंपनीच्या नियमात हे बसत नाही, एवढे सांगून कर्मचारी स्वतःला वाचवू शकतो.

या आठांपैकी ढालीचे रूप भारतीय कर्मचाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे, असे म्हणता येईल. आपल्याकडच्या कार्यालयांत साहेबांना तोंडावर नकार देणे अवघड असते. वय, हुद्दा, ओळखीपाळखी आणि वार्षिक मूल्यमापन, ज्याला सगळे अप्रेझल म्हणतात, या साऱ्यांचे वजन नकाराच्या विरुद्ध बाजूला पडते. दिवाळीच्या दिवसांत खरेदी विभागातल्या माणसाच्या घरी पुरवठादाराकडून मिठाईच्या खोक्यासोबत चांदीची वस्तू आली, तर ती परत पाठवताना त्याला स्वतःच्या सचोटीचा बडेजाव करावा लागू नये आणि समोरच्याचा अपमानही होऊ नये, ही त्याची खरी गरज असते. भेटवस्तूची मर्यादा रुपयांत लिहून ठेवणारे कलम ती गरज भागवते. अशा ठिकाणी कर्मचारी संहितेला जाच मानत नाही. ती त्याची सोबत करते. पण ही सोबत टिकण्यासाठी एक अट आहे: ज्या साहेबांना तो नियम दाखवायचा, त्यांच्यावरही तो लागू असला पाहिजे.

इथेच बहुतेक संहितांवरचा विश्वास उडतो. एन्रॉन ही अमेरिकी कंपनी महाराष्ट्राला दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे चांगलीच परिचयाची आहे. जुलै २००० मध्ये तिने ६४ पानांची आचारसंहिता काढली. प्रस्तावना अध्यक्ष केनेथ ले यांची होती आणि आदर, सचोटी, संवाद व उत्कृष्टता ही कंपनीची घोषित मूल्ये होती. त्याच्या आदल्या वर्षी, १९९९ मध्ये, मुख्य वित्त अधिकारी अँड्र्यू फास्टो यांना कंपनीशीच व्यवहार करणाऱ्या भागीदारी संस्था चालवता याव्यात म्हणून संचालक मंडळाने हितसंबंधांच्या संघर्षाविषयीचा नियम त्यांच्यापुरता शिथिल केला होता. हितसंबंधांचा संघर्ष म्हणजे एकाच माणसाचे कंपनीविषयीचे कर्तव्य आणि त्याचा खासगी लाभ परस्परांच्या आड येण्याची स्थिती. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली आणि त्या शिथिल केलेल्या नियमाची किंमत हजारो कर्मचाऱ्यांनी नोकरी व निवृत्तीची पुंजी गमावून चुकवली. भारतात सत्यमची गोष्ट याच जातीची आहे. कंपनी-कारभाराच्या उत्तमतेबद्दल २००८ मध्ये पुरस्कार मिळवणाऱ्या या कंपनीच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ च्या पत्रात ताळेबंदातील ५,००० कोटींहून अधिक रुपयांची रोकड व शिल्लक अस्तित्वातच नसल्याची कबुली दिली.

याउलट नियम वरपर्यंत पोहोचल्याचे उदाहरणही मुंबईतच घडले आहे. आयसीआयसीआय बँकेच्या तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी चंदा कोचर यांच्यावर हितसंबंधांच्या संघर्षाचे आरोप होत असताना मार्च २०१८ मध्ये संचालक मंडळाने त्यांच्यावर जाहीरपणे पूर्ण विश्वास व्यक्त केला होता. नंतर मात्र निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्याकडे चौकशी सोपवली गेली, जानेवारी २०१९ मधील त्यांच्या अहवालाने बँकेच्या आचारसंहितेचा आणि हितसंबंधांविषयीच्या नियमांचा भंग झाल्याचे म्हटले, आणि बँकेने कोचर यांची सेवासमाप्ती गैरवर्तनाच्या कारणावरून झाली असे मानून एप्रिल २००९ पासूनचे बोनस परत घेण्याचे ठरवले. या प्रकरणातले न्यायालयीन वाद वेगळे आहेत आणि त्यांचा निवाडा न्यायालयेच करतील. कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने अर्थपूर्ण ठरली ती त्यातली क्रमवारी: आधी मंडळाने पाठराखण केली, बाहेरचा दबाव वाढला, मग बाहेरच्या निष्पक्ष माणसाकडून चौकशी झाली आणि तेव्हा कुठे संहिता सर्वोच्च खुर्चीपर्यंत पोहोचली. कारकुनाच्या बाबतीत हे अंतर काही दिवसांचे असते, हे कोणत्याही शाखेतल्या कर्मचाऱ्याला ठाऊक असते.

वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्या दृष्टीतला हा फरक अभ्यासांतही दिसतो. ट्रेव्हिन्यो, वीव्हर आणि मायकेल ब्राउन यांच्या २००८ च्या संशोधनात असे आढळले की, आपल्या कंपनीतील नैतिक वातावरणाविषयी वरिष्ठ व्यवस्थापकांचे मत खालच्या कर्मचाऱ्यांपेक्षा लक्षणीयरीत्या अनुकूल असते. म्हणून ‘आमच्याकडे सर्वांना संहिता पटलेली आहे’ असे मुख्यालयातून सांगितले जाते तेव्हा ते खोटे बोलणे असते असे नाही. सांगणाऱ्याला तसे मनापासून वाटत असते, आणि अडचण नेमकी तीच आहे, कारण ज्याला सारे ठीक दिसते तो खाली जाऊन विचारत नाही.

नियम आणि रोजचे काम यांत विरोध असेल, तर कर्मचारी कोणाचे ऐकतो, याचे उत्तर अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेने फार महागात मिळवले. या बँकेत प्रत्येक ग्राहकाला अनेक प्रकारची खाती व कार्डे विकण्याचे उद्दिष्ट, म्हणजे रोजच्या भाषेत टार्गेट, शाखांना दिले जाई आणि एका ग्राहकामागे आठ हे घोषवाक्यच झाले होते. आचारसंहिता होती, प्रशिक्षण होते, तक्रारीसाठी दूरध्वनीसेवा होती; तरीही ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली गेली, सप्टेंबर २०१६ मध्ये नियामकांनी १८.५ कोटी डॉलरचा दंड केला आणि सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकल्याचे बाहेर आले. इतकी माणसे एकाच वेळी बेइमान निघाली, असे मानण्यापेक्षा संहिता वर्षातून एकदा बोलत होती आणि टार्गेट दररोज बोलत होते, हे स्पष्टीकरण अधिक प्रामाणिक आहे. भारतातही बँकेच्या काउंटरवर मुदतठेव करायला आलेल्या ज्येष्ठ नागरिकाला विमा पॉलिसी विकली जाते, तेव्हा समोर बसलेल्या तरुण कर्मचाऱ्याला आचारसंहितेतले ग्राहकहिताचे कलम माहीत नसते असे नाही. महिनाअखेरीला आपल्याला काय विचारले जाणार आहे, हे त्याला त्याहून जास्त माहीत असते. जी कंपनी संहिता एका विभागाकडून लिहून घेते आणि टार्गेट दुसऱ्या विभागाकडून, आणि दोघांना एकमेकांशेजारी बसवत नाही, ती आपल्या कर्मचाऱ्याला रोज एका कात्रीत पकडते.

गैरप्रकार पाहणाऱ्याने तो कळवावा, ही जवळजवळ प्रत्येक संहितेतली अपेक्षा असते आणि तिच्याविषयीच कर्मचाऱ्यांच्या मनात सर्वांत खोल शंका असते. आतल्या माणसाने गैरव्यवहार उघड केला तर मराठी वृत्तपत्रे त्याला जागल्या म्हणतात आणि कंपन्यांत व्हिसलब्लोअर हा शब्द चालतो. सहकाऱ्यांच्या बोलण्यात मात्र त्याच कृतीला चहाडी म्हटले जाण्याचा धोका असतो. ही भीती भारतापुरती नाही. २००५ मध्ये फ्रान्सच्या माहिती-संरक्षण आयोगाने मॅकडोनाल्डच्या तिथल्या कंपनीला निनावी तक्रारींची व्यवस्था सुरू करण्यास परवानगी नाकारली, आणि त्याच वर्षी जर्मनीत वॉलमार्टच्या आचारसंहितेतील काही कलमे कामगार न्यायालयाने रद्द ठरवली, कारण ती कामगारांच्या प्रतिनिधी मंडळाला विश्वासात न घेता लादली गेली होती आणि त्यांतली काही माणसाच्या खासगी आयुष्यात ढवळाढवळ करणारी होती.

चहाडीच्या शिक्क्याहून मोठी भीती सूड उगवला जाण्याची. वेल्स फार्गोच्या लॉस एंजेलिसमधील एका व्यवस्थापकाने संशयास्पद व्यवहारांविषयी वरिष्ठांना आणि बँकेच्या नीतिविषयक दूरध्वनीसेवेला कळवले होते आणि २०१० मध्ये त्याला कामावरून काढले गेले. त्याला परत घ्यावे आणि ५४ लाख डॉलर द्यावेत, असा आदेश अमेरिकी कामगार खात्याने दिला तो २०१७ मध्ये. भारतातले मोठे उदाहरण रॅनबॅक्सी या औषधकंपनीचे आहे. औषधांच्या चाचण्यांची माहिती बनावट असल्याचे दिनेश ठाकूर यांनी आधी कंपनीतच दाखवून दिले, २००५ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली, मग त्यांनी अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाला कळवले, आणि २०१३ मध्ये कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरले. त्या लढाईत ठाकूर यांना जे कायदेशीर पाठबळ आणि भरपाई मिळाली, ती अमेरिकेच्या कायद्याने.

भारतात खासगी कंपन्यांसाठी या बाबतीत २०१३ च्या कंपनी कायद्याचे १७७ वे कलम आहे. त्यानुसार सूचिबद्ध कंपन्या, जनतेकडून ठेवी घेणाऱ्या कंपन्या आणि बँका व वित्तसंस्थांकडून ५० कोटी रुपयांहून अधिक कर्ज घेतलेल्या कंपन्या यांनी तक्रारींसाठी दक्षता यंत्रणा उभारावी, तक्रारदाराला त्रास होणार नाही याची तजवीज करावी आणि योग्य प्रसंगी त्याला थेट लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत जाता यावे, अशी तरतूद आहे. तरतूद चांगली आहे, पण संरक्षण देण्याचे काम तिने कंपनीकडेच सोपवले आहे. संसदेने २०१४ मध्ये संमत केलेला जागल्या संरक्षण कायदा सार्वजनिक सेवकांविरुद्धच्या तक्रारींपुरता आहे; खासगी कंपनीतल्या गैरव्यवहाराविषयी बोलणाऱ्या कर्मचाऱ्याला त्याचा आधार नाही.

याच्या शेजारी कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा ठेवून पाहावा. १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती, तिच्यात निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला, एक सदस्य कंपनीबाहेरचा, चौकशीला ९० दिवसांची मुदत आणि अहवालाची प्रत दोन्ही पक्षांना, इतके सारे त्या कायद्याने निश्चित केले आहे. या कायद्याची अंमलबजावणी अनेक ठिकाणी दुबळी आहे, तरी त्याने चौकशीचे एक किमान माप ठरवून दिले. पुरवठादाराकडून होणारी लाचखोरी किंवा खोटी बिले कळवणाऱ्याला असे काही मिळत नाही. बाहेरचा सदस्य असेलच असे नाही, आणि बहुतेकदा काही आठवड्यांनी ‘आपल्या तक्रारीची दखल घेऊन प्रकरण बंद करण्यात आले आहे’ असा एका ओळीचा ईमेल तेवढा येतो. तक्रार करणाऱ्याला पुढे काय झाले हे कळत नसेल, तर शेजारच्या टेबलावरच्या दहा जणांनाही ते कळत नाही आणि सगळे मिळून काहीच झाले नाही असा अर्थ काढतात. टीसीएसने नोकरभरतीतील गैरप्रकारांच्या तक्रारीची चौकशी करून १६ कर्मचाऱ्यांना काढल्याचे आणि ६ पुरवठादार संस्थांशी व्यवहार थांबवल्याचे ऑक्टोबर २०२३ मध्ये शेअर बाजाराला कळवले. नावे न घेता निकाल सांगता येतो, हे यातून दिसले. प्रत्येक कंपनीला आपल्या कर्मचाऱ्यांपुरते इतके करणे मुळीच कठीण नाही.

संहिता एकतर्फी वाटणे हे कर्मचाऱ्यांच्या नाराजीचे आणखी एक मोठे कारण आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचे जाहीर केले, तेव्हा कंपनीच्या दृष्टीने तो उघड विश्वासघात होता, आणि प्रतिस्पर्ध्याकडे काम करण्याविषयी ते म्हणणे चुकीचेही नाही. परंतु पुण्यातील हिंजवडीपासून बंगळूरपर्यंत अनेक तरुण अभियंत्यांनी त्या निमित्ताने विचारलेले प्रश्नही खरे होते: कर्मचाऱ्याने दुसरीकडे पाहायचे नाही, तीन महिन्यांचा नोटीस पिरियड पाळायचा, नोकरी सोडल्यावरही ठरावीक कंपन्यांत ठरावीक काळ जायचे नाही, आणि कंपनीने मात्र नेमणूकपत्र देऊन रुजू करून घेण्याची तारीख महिनोन्‌महिने पुढे ढकलायची, हे निष्ठेच्या कोणत्या कलमात बसते? त्याच वर्षी एप्रिलमध्ये नाइट्स या पुण्यातील माहिती-तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांच्या संघटनेने इन्फोसिसच्या नेमणूकपत्रातील अशाच बंधनाविरुद्ध केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली होती.

एकतर्फीपणाच्या भावनेचा प्रामाणिकपणावर काय परिणाम होतो, हे जेराल्ड ग्रीनबर्ग यांच्या १९९० च्या प्रसिद्ध अभ्यासात मोजले गेले आहे. एका अमेरिकी कंपनीने आपल्या कारखान्यांपैकी दोन ठिकाणी १० आठवड्यांसाठी पगारात १५ टक्के कपात केली. एका कारखान्यात व्यवस्थापनाने कपातीची कारणे सविस्तर समजावून सांगितली आणि खेद व्यक्त केला, दुसऱ्यात थोडक्यात उरकले. कपातीच्या काळात चोऱ्या वाढल्या, पण थोडक्यात उरकलेल्या कारखान्यात त्यांचे प्रमाण बरेच जास्त होते. निर्णय आपल्याविरुद्ध गेला तरी तो घेण्याची रीत न्याय्य आहे असे वाटले, तर माणूस तो अधिक सहज स्वीकारतो. सामाजिक मानसशास्त्रात याला प्रक्रियागत न्याय म्हणतात. आचारसंहिता पाळायला लावायची असेल, तर कर्मचाऱ्याला न्यायाने वागवणे हे तिच्या बाहेरचे काम नाही, ते तिचे पहिले कलम असायला हवे.

सह्या आणि प्रशिक्षण यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. वर्षातून एकदा संगणकावर येणारे प्रशिक्षण ‘नेक्स्ट’ दाबत संपवले जाते आणि शेवटच्या पाच प्रश्नांची उत्तरे सहकारी एकमेकांना सांगतात, हे कंपन्यांनाही माहीत आहे. अर्जाच्या सुरुवातीलाच प्रामाणिकपणाच्या घोषणेवर सही घेतली तर माणसे अधिक खरे बोलतात, असे २०१२ मधील एका गाजलेल्या शोधनिबंधाने म्हटले होते. त्याच लेखकांना २०२० मध्ये तो परिणाम पुन्हा आढळला नाही, त्यातील एका प्रयोगाची माहिती बनावट असल्याचे निघाले आणि २०२१ मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. सूचिबद्ध कंपन्यांपैकी बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून जो जबाबदारी व शाश्वततेचा अहवाल सेबीच्या नियमानुसार द्यावा लागतो, त्यातही किती टक्के कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण मिळाले हे विचारले जाते, त्यांचा त्यावर विश्वास बसला का हे नाही. संहितांचा प्रत्यक्ष वर्तनावर परिणाम होतो का, हे तपासणाऱ्या ७९ अभ्यासांचा आढावा म्युएल काप्टाइन आणि श्वार्ट्झ यांनी २००८ मध्ये घेतला, तेव्हा जेमतेम ३५ टक्के अभ्यासांत संहिता परिणामकारक आढळल्या होत्या आणि ३३ टक्के अभ्यासांत तसा काही संबंध सापडला नव्हता. नुसत्या दस्तऐवजाकडून याहून अधिक अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

ज्यांच्यापर्यंत हा दस्तऐवज पोहोचतच नाही, अशांची संख्या तर मोठी आहे. चाकण, वाळूज किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत यंत्रावर उभा असलेला कंत्राटी कामगार, फाटकावरचा सुरक्षारक्षक, कँटीनमधला आचारी यांच्या हजेरीपटावर ठेकेदाराचे नाव असते. संहिता कंपनीची असते आणि बहुधा इंग्रजीत असते. भंगार कोण नेतो, वजनकाट्यावर काय होते, रात्रपाळीत कोणता ट्रक न नोंदवता बाहेर जातो, हे मात्र याच माणसांना सर्वांत आधी दिसते.

या बाबतीत १९४६ च्या औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) कायद्याकडे पाहण्यासारखे आहे. कामाच्या वेळा, रजा, गैरवर्तन आणि शिक्षा यांचे कारखान्यातील नियम, ज्यांना कामगार स्टँडिंग ऑर्डर्स म्हणतात, ते मालकाने परस्पर ठरवू नयेत, मसुदा सरकारी अधिकाऱ्याकडे द्यावा, त्या अधिकाऱ्याने तो संघटनेकडे किंवा कामगारांच्या प्रतिनिधींकडे पाठवून हरकती मागवाव्यात, दोन्ही बाजू ऐकून नियम वाजवी आहेत का हे तपासावे, आणि मंजूर नियम इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत कारखान्याच्या प्रवेशद्वाराजवळ फलकावर लावावेत, असे त्या कायद्यात होते. महाराष्ट्रात तो ५० कामगारांच्या आस्थापनांनाही लागू होता; २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा ३०० वर नेली. आचारसंहितेतही गैरवर्तन आणि शिक्षा हेच विषय असतात, नोकरी तिच्यामुळेही जाते, पण ती तयार करताना कर्मचाऱ्यांना विचारावे किंवा ती त्यांच्या भाषेत लावावी, असे कंपन्यांना कोणताही कायदा सांगत नाही.

कायद्याची वाट न पाहता कंपन्यांना हे आजही करता येईल: मसुद्यावर कर्मचाऱ्यांच्या हरकती मागवाव्यात, संहिता मराठीत द्यावी, ठेकेदाराच्या माणसांनाही ती समजावून सांगावी, चौकशी समितीत एक बाहेरचा सदस्य घ्यावा आणि किती तक्रारी आल्या, किती सिद्ध झाल्या, त्यांत व्यवस्थापक किती होते, हे दरवर्षी सूचनाफलकावर लावावे. कर्मचाऱ्यांनाही एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांच्या संकेतस्थळावरील वार्षिक अहवालात लाचखोरीबद्दल संचालक, वरिष्ठ अधिकारी, कर्मचारी आणि कामगार यांच्यापैकी किती जणांवर कारवाई झाली, हे वेगवेगळ्या रकान्यांत दिलेले असते. आपल्या कंपनीचा तो तक्ता प्रत्येकाने एकदा उघडून वाचावा आणि त्याविषयी प्रश्न विचारावेत.